दोराने ओढलेल्या बोटी

बंगळूरुला पोस्टिंग आली तेव्हा वाटलं होतं, आता नौदलातले मित्र भेटणं बंद. समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब. पण गेल्या महिन्यात खडकवासल्याचा एक कोर्समेट हलसूरच्या आमच्या मेसमध्ये जेवायला हजर! हा नौदलातला इंजिनिअर, मूळचा वेंगुर्ल्याचा. युद्धनौकांच्या गॅस टर्बाइनची दुरुस्ती इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या एका विभागात होते, त्या कामासाठी आला होता.

"टर्बाइनचं बरं असतं रे," तो म्हणाला. "बिघडलं की जहाजातून उचलायचं आणि इथे पाठवायचं. मोठं डिझेल मात्र जहाजाच्या पोटात शिरून जागेवरच उघडावं लागतं."

तिथून गाडी आली १९७१ वर. कराचीवरचा क्षेपणास्त्र बोटींचा हल्ला आपण सगळ्यांनी वाचलेला असतो. ४ डिसेंबरची रात्र, निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी, स्क्वाड्रन कमांडर बब्रू भान यादव, त्यांना मिळालेलं महावीर चक्र. पण या बोटी कराचीपर्यंत पोचणार कशा, हा प्रश्न आधी इंजिनाचा होता.

सोव्हिएत बनावटीच्या या ओसा वर्गाच्या बोटी मुळात स्वतःच्या किनाऱ्याचं रक्षण करण्यासाठी होत्या. बाहेर धावायचं, क्षेपणास्त्र सोडायचं, परतायचं. वेग जवळजवळ ४० नॉट, पण पल्ला तोकडा. प्रत्येक बोटीत तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी सुमारे ४,००० अश्वशक्तीची. एका इंजिनाला ४२ सिलिंडर! सहा-सहाच्या सात रांगा, चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यभागी दांड्याभोवती मांडलेल्या. आमच्या तेव्हाच्या टी-५५ रणगाड्याचं इंजिन १२ सिलिंडरचं आणि ५८० अश्वशक्तीचं होतं, यावरून अंदाज करा.

इतकी ताकद इतक्या लहान जागेत कोंबली की किंमत द्यावी लागते ती आयुष्यात. मालवाहू जहाजाचं संथ डिझेल हजारो तास निवांत चालतं. अशा वेगवान इंजिनाचे तास मात्र मोजून खर्च करायचे असतात. शिवाय तपासणीची कटकट. इंजिन उभं असताना तेल खालच्या दिशेच्या सिलिंडरांत झिरपतं. तसंच चालू केलं तर तेल काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी सावकाश फिरवून पाहायचं. गाळणीत धातूचा चुरा दिसतो का पाहायचं, कारण बेअरिंग झिजू लागलं की पहिली चाहूल तिथे लागते. कूलरमध्ये खारं पाणी, म्हणजे गंज. हे सगळं अशा खोलीत, जिथे माणसाला धड उभं राहता येत नाही. नौदलाची ही विद्या शिकवणारी आयएनएस शिवाजी १९४५ पासून लोणावळ्यात आहे. डोंगरावर बसून समुद्राची इंजिनं शिकायची, हे कोकणातल्या माणसाला अजून पटत नाही, असं मित्र म्हणाला.

या बोटी १९७१ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरवल्या, कारण इतकं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. तिथून द्वीपकल्पाला वळसा घालून त्या मोठ्या जहाजांनी मुंबईपर्यंत ओढत आणल्या. मला विचाराल तर कराचीची अर्धी योजना त्या दोरात होती. ओढून नेता येतात म्हटल्यावर पल्ल्याचं गणितच बदललं: इंधनही वाचतं, इंजिनाचे तासही. आमच्याकडे रणगाडे रेल्वेने आणि ट्रेलरवरून नेतात, ते याच हिशोबाने. त्यात कमीपणा कसला?

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटली, तीही सांगितली. कॅप्टन असताना राजस्थानातल्या सरावात एका रणगाड्याचं इंजिन पहाटे अडकलं. आदल्या रात्री लॉगबुकात 'तेल गाळणी तपासली' या ओळीपुढे माझी सही होती. गाळणी मी पाहिली नव्हती, कोणीच पाहिली नव्हती. चालक माझ्याकडे एक शब्द बोलला नाही. चौकशीत मी खरं सांगितलं, पण त्या पोराचं न बोलणं अजून आठवतं.

मित्र हसला नाही. "आमच्यात रणगाडा रस्त्याच्या कडेला उभा करायची सोय नाही," एवढंच म्हणाला. ८ डिसेंबरच्या रात्री दुसऱ्या हल्ल्यात विनाश ही एकच क्षेपणास्त्र बोट होती, सोबत तलवार आणि त्रिशूल. कराचीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. त्या रात्री विनाशची तीन इंजिनं कोणी तपासली असतील, त्यांची नावं मी शोधतोय. वाचकांत त्या स्क्वाड्रनच्या इंजिन रूममधले कोणी काका असतील, तर जरूर लिहा.

जेवण झाल्यावर त्याला सोडायला निघालो. किल्ली लावणार, तोच गडी म्हणाला, "थांब. बॉनेट उघड आधी."