खांचांच्या काठीची अखेर

खेड्यांत दुधाच्या रतिबाचा हिशेब भिंतीवर रेघा ओढून ठेवण्याची चाल आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. लिहितां न येणाऱ्या माणसाची तीच रोजकीर्द. परंतु एका बलाढ्य राज्याच्या खजिन्याचा हिशेब याच जातीच्या खुणांवर सहाशेंहून अधिक वर्षें चालला होता, असें सांगितलें तर सहसा कोणाचा विश्वास बसणार नाहीं. तें राज्य म्हणजे इंग्लंड. तेथील खजिन्यानें ही रीत सोडून कागदी पावतीची नवी रीत कशी स्वीकारली आणि त्या स्थित्यंतराची किंमत काय पडली, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

इंग्लंडच्या खजिन्याला एक्स्चेकर म्हणतात. हिशेबाच्या मेजावर बुद्धिबळाच्या पटासारखें चौकटींचें कापड अंथरीत, त्यावरून हें नांव पडलें. परगण्याचा अधिकारी, म्हणजे शेरीफ, वसुलाचा कांहीं भाग ईस्टरच्या सुमारास भरी आणि मायकेलमसच्या सणाला उरलेला भरून हिशेब चुकता करी. भरणा झाला कीं त्याला जी पावती मिळे ती लांकडी असे. हेझल नांवाच्या झाडाची काठी घेऊन तीवर खांचा पाडीत. राजाचे खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनीं बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहिलेल्या ‘डायलोगस डे स्काकारिओ’ या ग्रंथांत या खांचांचीं मापें दिलेलीं आहेत. हजार पौंडांची खांच तळहाताच्या जाडीएवढी, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी आणि एका पौंडाची टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीसाठीं नुसती चीर. लांकूड काढावयाचें नाहीं.

मग ती काठी उभी चिरून तिचे दोन भाग करीत. लांब भाग पैसे भरणाऱ्याला मिळे, आंखूड भाग खजिन्यांत राही. हिशेबाच्या दिवशीं दोन्ही भाग एकमेकांस लावून पाहावयाचे. खांचा जुळल्या, लांकडाच्या रेषा जुळल्या, कीं भरणा खरा. एकानें आपल्या भागावर जादा खांच पाडली तर ती दुसऱ्यावर उमटणार कोठून? अक्षरशत्रु माणसालाही आपली पावती डोळ्यांनीं आणि बोटांनीं तपासतां येई. ही काठी इतकीं शतकें टिकली याचें मर्म यांत आहे. लोकांचा विश्वास कारकुनाच्या अक्षरावर नव्हता, तो लांकडाच्या रेषांवर होता.

पुढें राजे लोक पुढच्या वसुलावर भिस्त ठेवून देणेंकऱ्यांना आगाऊच अशा काठ्या देऊं लागले. त्यामुळें काठी ही पावती न राहतां हुंडी बनली आणि बाजारांत कमी किंमतीनें विकली जाऊं लागली. १६७२ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें खजिन्यांतून होणारी कर्जफेड थांबविली, तेव्हां लंडनचे कित्येक सराफ बुडाले. खूण कितीही निर्दोष असली तरी वचन पाळणारा निर्दोष नसेल तर तिचा उपयोग काय, हा धडा त्या वेळीं मिळाला. १६९७ सालीं बँक ऑफ इंग्लंडनें आपलें भांडवल वाढविलें, तेव्हां नव्या भागांच्या किंमतीचे चार पंचमांश या काठ्यांच्या रूपानें स्वीकारून बाजारांत पडून राहिलेल्या अनेक काठ्या उचलल्या.

अठराव्या शतकांत लेखन सार्वत्रिक झालें, छापील कागद आला, बँका आल्या. पण खजिन्यांत काठ्या चिरणें चालूच होतें. अखेर १७८३ सालीं पार्लमेंटनें कायदा करून काठ्या बंद करण्याचें ठरविलें. परंतु त्यांत एक मेख होती. ज्या जुन्या मानकऱ्यांचीं पदें या पद्धतीशीं निगडित होतीं, तीं त्यांच्याकडून मृत्यूनें किंवा अन्य कारणानें सुटेपर्यंत बदल अमलांत यावयाचा नव्हता. कोणाच्या पोटावर पाय द्यावयाचा नाहीं, ही त्यांतील दृष्टि. परिणाम असा कीं कायदा झाल्यावर नवी रीत प्रत्यक्षांत येण्यास १८२६ साल उजाडलें. त्रेचाळीस वर्षें! नवी पद्धति कागदावर मांडावयास एक अधिवेशन पुरलें. तीवर माणसें नेऊन बसविण्यास जवळजवळ दोन पिढ्या लागल्या.

आणि अनर्थ तर पुढेंच होता. १८३४ सालीं एक्स्चेकरची जुनी कचेरी मोडून सरकारी पैसा बँक ऑफ इंग्लंडकडे सोंपविण्यांत आला. आतां साठलेल्या काठ्यांचें काय करावयाचें? जागा तर मोकळी हवी होती. शेवटीं हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत त्या जाळून टाकण्याचा हुकूम सुटला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं सकाळपासून मजूर काठ्यांचे भारे आंत टाकीत होते. दुपारीं वरचें सभागृह पाहावयास आलेल्या लोकांना पायांखालची जमीन तापलेली जाणवली; पण कोणीं काम थांबविलें नाहीं. सायंकाळीं ज्वाळा बाहेर पडल्या आणि रात्रींत पार्लमेंटचीं दोन्ही सभागृहें भस्मसात् झालीं. हाउस ऑफ कॉमन्सचीं बहुतेक जुनीं कागदपत्रें नष्ट झालीं. कायद्यांच्या मूळ प्रती ज्युएल टॉवरमध्यें असल्यामुळें वांचल्या. १८५५ सालीं चार्ल्स डिकन्स यांनीं एका भाषणांत या प्रसंगाचा दाखला देऊन विचारलें कीं, हें सरपण आसपासच्या गरिबांना कां दिलें नाहीं?

डिकन्स यांचा उपहास रास्त होता, परंतु दोष काठीचा नव्हे. दोष दोन टोकांच्या वृत्तींचा आहे. प्रथम जुन्याला इतकें कवटाळलें कीं तें निरुपयोगी झाल्यावरही चाळीस वर्षें पोसलें. नंतर तेंच इतकें तुच्छ मानलें कीं तें कोठें आणि कसें जाळतों आहों याचाही विचार केला नाहीं.

आपल्या देशांतही असें स्थित्यंतर चालू आहे. २००९ च्या सुमारास केंद्र सरकारनें योजनांचा पैसा कोठपर्यंत पोंचला हें पाहणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीच पुढें सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणाली झाली. तेथेंही प्रश्न यंत्रापुरता नाहीं. कचेरींतल्या कारकुनाचा हात नव्या रीतीवर बसला काय, जुने हिशेब नीट उतरून घेतले काय, आणि ज्याच्या नांवें रक्कम निघाली त्या साध्या माणसाला आपली पावती स्वतः पडताळतां येते काय, हे खरे प्रश्न होत. यांपैकीं शेवटच्या प्रश्नाचें उत्तर हेझलच्या त्या काठीनें आठशें वर्षांपूर्वीं दिलें होतें. नव्या रीतीनेंही तें तितक्याच सरळपणें द्यावें, एवढीच अपेक्षा.