सौंदर्यशाळेतून मतदारयादीपर्यंत

१९५६ साली अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिकेची नोकरी गेली. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्यास त्यांनी नकार दिला होता. चार्ल्सटनमध्येच राहणाऱ्या त्यांच्या नातलग बर्निस रॉबिन्सन यांना हे भय नव्हते. त्या ब्युटीशियन होत्या. दुकान स्वतःचे, ग्राहक कृष्णवर्णीय स्त्रिया. त्यांना कामावरून काढील असा गोरा मालकच नव्हता.

अशा स्वावलंबी स्त्रियांची पिढी घडली ती सौंदर्यशाळांतून. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी १८६७ साली जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर अनेक वर्षे धुणी धूत होत्या. १९०८ साली त्यांनी पिट्सबर्ग येथे ‘लेलिया कॉलेज’ काढले, नाव मुलीचे. केसांची व टाळूची निगा, चेहऱ्याचा मसाज, नखांची काळजी हे तेथे शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवले जाई. प्रत्यक्ष येणे शक्य नसलेल्यांसाठी पत्रद्वारा अभ्यासक्रमही होता. धुणीभांडी किंवा शेतमजुरी याखेरीज फारशी वाट नसलेल्या स्त्रीच्या हाती त्यातून प्रमाणपत्र आणि स्वतंत्र उत्पन्न आले.

१९१७ साली फिलाडेल्फियात वॉकर यांच्या प्रतिनिधींचे अधिवेशन भरले. तेथून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार गेली, ती झुंडबळींविरुद्ध कायदा करण्याची मागणी करणारी! क्रीम-पावडरच्या सभेत हा विषय कसा, असे त्या स्त्रियांना वाटले नाही.

वॉकर यांनी हयातीत त्वचा उजळवणारे मलम विकले नाही. १९१९ साली त्या वारल्या आणि त्यानंतर कंपनीने ‘टॅन-ऑफ’ बाजारात आणले, हेही इतिहासात नोंदवलेच पाहिजे.

पुढे वॉकर यांच्या शाळांची धुरा वाहणाऱ्या मार्जोरी जॉयनर यांनी इलिनॉय राज्याचा १९२४ चा सौंदर्यव्यवसायविषयक पहिला कायदा तयार करण्यास हातभार लावला.

आता पुन्हा चार्ल्सटन. मतदार नोंदणीसाठी राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे आणि असंख्य कृष्णवर्णीय तेथेच अडत. जवळच्या जॉन्स बेटावर प्रौढांचा वर्ग काढायचे ठरले, तेव्हा पेशाने शिक्षक नसलेली व्यक्ती मुद्दाम निवडली गेली: बर्निस रॉबिन्सन. ७ जानेवारी १९५७ रोजी एका दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. काय शिकायचे, हे त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले. कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचे होते, कुणाला टपालाने वस्तू मागवण्याचा अर्ज भरायचा होता. राज्यघटनेचा उतारा त्याच धड्यांत मिसळला गेला. पुढील काही वर्षांत असे ‘नागरिकत्व वर्ग’ दक्षिणेतील राज्याराज्यांत उभे राहिले.