फुगडी : मराठवाड्यातील जोडनृत्याचा सामाजिक व आरोग्यविषयक विचार

जोडीने करावयाच्या नृत्याचा समूहोपचार म्हणून उपयोग ही पाश्चात्त्य वैद्यकाची देणगी मानली जाते. मॅरियन चेस यांनी १९४२ पासून वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मनोरुग्णांसमवेत नृत्याचे प्रयोग केले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. शास्त्र म्हणून हा कालक्रम योग्यच आहे. आचार म्हणून मात्र मराठवाड्यातील फुगडी त्याहून कितीतरी जुनी ठरते. पैठणच्या संत एकनाथांनी (१५३३–१५९९) फुगडीवर भारूड रचले. रूपक अनोळखी गोष्टीवर उभे राहत नाही. त्याअर्थी सोळाव्या शतकात गोदाकाठी हा खेळ सर्वपरिचित असला पाहिजे.

फुगडीत दोघी समोरासमोर उभ्या राहून हातांची फुली करून एकमेकींचे हात धरतात, पावले जुळवतात, अंग मागे झोकून देतात आणि गरगर फिरतात. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हाती असतो. एकीने हात सोडला तर दोघीही पडतात. नांदेड-लातूरकडे पंचमीच्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. झोका, झिम्मा, फुगडी यांच्या गाण्यांतून सासू, नणंद, दीर यांच्याविषयी एरवी न बोलता येणारे बोलून घेतले जाते. त्यातच नणंद-भावजय एकमेकींचे हात धरून फिरतात! संबंध सुधारण्याची याहून सोपी पद्धत सुचवणे कठीण आहे.

आरोग्याच्या बाजूने २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन उल्लेखनीय आहे. ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या या अभ्यासात शारीरिक क्रियांपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी आढळला. अर्थात, मुळात धडधाकट असलेलेच नाचतात, ही शक्यता उरतेच. तेव्हा फुगडीला औषध ठरविण्याची घाई करू नये.

तथापि फुगडीच्या इतिहासाची एक बाजू अप्रिय आहे. मंगळागौर, हळदी-कुंकू यांसारख्या प्रसंगांपासून रूढीने विधवांना दूर ठेवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांच्या मानसिक स्थितीविषयी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये मनोविकार आढळले. ज्यांना आधाराच्या हाताची सर्वाधिक गरज होती, त्या नव्याने विधवा झालेल्या स्त्रियाच रूढीप्रमाणे रिंगणाबाहेर ठरत होत्या. त्यात ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले. रुंद, सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहतींत जुन्या गल्ल्या आणि वाड्यांचे चौक राहिले नाहीत, शेजार विखुरला. घरे मोजली गेली, अंगणे मोजली गेली नाहीत, असे येथे म्हणावे लागते.

वारीतील फुगडी या बाबतीत वेगळी आहे. तेथे पुरुषही फुगडी खेळतात, म्हातारी माणसेही खेळतात आणि समोरच्या व्यक्तीचे कपाळ पाहून कोणी हात मागे घेत नाही. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील महिला-अभ्यास केंद्रांनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी आणि शासकीय रुग्णालयांच्या मनोविकार विभागांनी एकत्र येऊन एकाकी स्त्रियांसाठी प्रयोग करावयाचा असेल, तर मंगळागौरीच्या स्पर्धांपेक्षा वारीची ही फुगडीच आधारभूत धरावी.