तेरचें कापड आणि इटलीचें मद्य

लातूरच्या पश्चिमेस तेरणेच्या कांठीं तेर हें गांव आहे. प्राचीन ‘तगर’ तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. मराठवाड्याला कोपऱ्यांतला प्रांत समजणाऱ्यांनीं पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ पाहावा. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगरचें जाडेंभरडें कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई. त्याच भडोच बंदरांत परदेशी मद्य उतरे, आणि त्यांत पसंती इटलीच्या मद्याला! परतीच्या गाडींत एखादा कुंभ तेरला आला असेल काय? ग्रंथ याविषयीं मुका आहे. मात्र नेवाशाच्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं आहेत.

तें मद्य राळेनें सारवलेल्या मातीच्या कुंभांतलें. ओकचीं पिंपें इटलींत मागाहून रूढ झालीं. आतां शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत, अकलूजला, इटालियन भागीदारीच्या ‘फ्रातेल्ली’च्या मळ्यांत टस्कनीचें सांजोवेसे द्राक्ष पिकतें आणि त्याचें तांबडें मद्य ओकमध्यें मुरतें. त्याचा तुरटपणा स्निग्ध मांसानें निवतो. म्हणून लातूर-नांदेडकडचें येसर घातलेलें मटण त्याला शोभेल. तिखट मात्र आवरावें, कारण अशा मद्याबरोबर मिरची अधिकच झोंबते. पण हें आमच्याकडे ऐकतो कोण!