तार तुटली कुठे? : अटलांटिकच्या तळाशी हरवलेले उत्तर

५ ऑगस्ट १८५८. आयर्लंड व न्यूफाउंडलंड समुद्रतळावरील तारेने जोडले गेले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास मात्र १६ तास लागले.

तार कोणत्या उपकरणाने तपासावी, हा वाद त्याआधीपासूनचा. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. त्यांच्या यंत्रांना जोरकस प्रवाह लागे. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या गॅल्व्हनोमीटरमध्ये चिमुकला आरसा आणि त्याच्या पाठीला चिकटवलेले चुंबक एवढेच टांगलेले असे. अत्यंत क्षीण प्रवाहानेही आरसा वळे आणि पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका सरके.

व्हाइटहाउस यांनी तारेवर सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेले आवरण खचत गेले आणि काही आठवड्यांतच तार मूक झाली. सारे खापर त्यांच्या माथी फुटले. हा न्याय अर्धाच होता, कारण तारेची बनावटही ढिसाळ होती.

पुढच्या चौकशीने मोजमापावर भर दिला. प्रवाह जातो की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नव्हते. तांब्याचा दर मैली रोध ठाऊक असेल, तर किनाऱ्यावर बसून दोषाचे अंतर काढता येते. त्यासाठी रोधाचे सर्वमान्य एकक हवे. १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली.

१८६६ची अटलांटिक तार टिकली. ती टाकणाऱ्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजानेच १८७० साली मुंबई ते एडन तार टाकली.