डोळ्याच्या खिडकीतून मेंदू

श्रोतेहो, घरातले वडीलधारे माणूस एकच गोष्ट चारचारदा विचारू लागले, की आपण म्हणतो, "साठी, बुद्धी नाठी!" आणि विषय तिथेच सोडतो. पण ही विस्मृती नुसती वयाची, की मेंदूला जडलेल्या आजाराची? वैद्यांनाही हे ओळखणे फार काळ जमले नाही. नाडी हाताला लागते, छातीचे ठोके कानाला ऐकू येतात; कवटीत बंदिस्त असलेला मेंदू पाहायचा कसा?

निसर्गाने त्याला एक खिडकी ठेवली आहे. ती म्हणजे डोळा. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. आईच्या पोटात गर्भ वाढत असताना हा पडदा मेंदूतूनच, झाडाला फुटवा यावा तसा, बाहेर येतो. त्याचे मज्जातंतू पुढे मेंदूलाच जाऊन मिळतात. म्हणजे दृष्टिपटल हा मेंदूचाच एक भाग झाला.

पण खिडकी असूनही आत अंधारच दिसे. तुम्ही कोणाच्याही डोळ्यात पाहा, मधली बाहुली काळीच दिसते. का बरे? आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो, आणि त्या वाटेवर डोके आणावे तर आपणच उजेड अडवतो! हे कोडे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी सोडवले. कोनिग्सबर्ग येथे विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांनी पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि काचेच्या पातळ पट्ट्या जुळवून एक साधे यंत्र केले, आणि 1851 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात शिकवण्याच्या तयारीतून एवढा मोठा शोध लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे 1860 साली बर्लिनचे नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनी दाखवले, की मेंदूत गाठ झाली तर डोळ्याच्या आतली मज्जातंतूची चकती सुजलेली दिसते. मेंदूचे दुखणे डोळ्यात वाचता येऊ लागले.

विस्मृतीच्या आजाराचे निदान मात्र दूरच राहिले. 1906 साली डॉ. अल्झायमर यांनी अशा एका रुग्ण बाईच्या मेंदूत साचलेले कण आणि गुंतलेले धागे दाखवले; पण ते तिच्या मृत्यूनंतर! जिवंतपणी काय पाहावे? 1986 साली अमेरिकेत अल्झायमरच्या 10 रुग्णांचे दृष्टितंतू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा 8 जणांचे तंतू झिजलेले आढळले. रोगाची खूण डोळ्यापर्यंत पोचते, हे त्यावरून दिसले.

मग 1991 साली अमेरिकेतच प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाचे थर मोजण्याची पद्धत निघाली. सुई नाही, चिरफाड नाही. रुग्णाने क्षणभर स्थिर बसायचे. 2011 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी अल्झायमरचे कण दृष्टिपटलावर उजळून दाखवण्यासाठी एक रंगद्रव्य वापरले. ते कोणते? आपल्या हळदीतले कुरकुमीन! मात्र हळद खाल्ली की विस्मरण जाते, असा याचा अर्थ नव्हे, हे लक्षात घ्या. 2023 साली लंडनच्या संशोधकांनी सांगितले, की कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांमध्ये दृष्टिपटलाचे आतले थर निदानाच्या काही वर्षे आधीच पातळ झालेले असतात.

तर आता डोळा पाहून भविष्य सांगता येईल का? नाही. काचबिंदूतही हेच थर झिजतात. शेकडो माणसांची सरासरी एक सांगते, आणि समोरच्या एका माणसाचे निदान करणे वेगळे. ही तपासणी अजून संशोधनाच्या वाटेवर आहे; कोणी तिच्या नावाने खात्रीचा दाखला देऊ लागला, तर सावध राहावे.

मग आज आपल्या हाती काय आहे? आहे तर! वडीलधाऱ्यांचे विसरणे दिवसेंदिवस वाढले, ओळखीची वाट चुकू लागली, हिशेब जमेना, तर म्हणीवर भागवू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. काही वेळा हे विस्मरण थायरॉईडच्या बिघाडाने, ब-12 जीवनसत्त्वाच्या उणिवेने किंवा मनाच्या उदासीनतेने आलेले असते, आणि त्यावर उपचार आहेत. साठी सर्वांनाच येते. पण बुद्धी नाठी होते, ती का, हे विचारणे आपले काम आहे.