रक्ताच्या आडवाटेची कुळकथा

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याच्या हद्दीतून येणाऱ्या गाड्यांची झडती घेतात, तशीच आतडी, जठर व पाणथरी यांच्याकडून पोर्टल नीलेने आलेल्या रक्ताची झडती यकृत घेते; अन्नरस ठेवून, विषे निकामी करून मगच ते रक्त हृदयाकडे रवाना करते. सूत्रण रोगाने (सिरॉसिसने) यकृत घट्ट झाले, किंवा ती नीलाच गुठळीने बुजली, म्हणजे तुंबलेले रक्त अन्ननलिकेच्या तळाशी असलेल्या नाजूक शिरांत शिरते; त्या फुगतात, फुटतात आणि रोग्यास रक्ताची उलटी होते.

या तुंबाऱ्यास शस्त्राने आडवाट काढून देण्याचा पहिला प्रयोग 1877 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय एक या रशियन शल्यविशारदाने आठ कुत्र्यांवर केला. पोर्टल नीला अधोमहानीलेस जोडल्यावर सात कुत्री आठवड्याभरात दगावली व आठवे अडीच महिने जगून पळून गेले. तरीही एवढ्याशा पुराव्यावर त्याने जलोदराच्या रोग्यांसाठी ही क्रिया सुचविली. पुढे 1893 मध्ये पाव्हलॉव्ह व त्याच्या सहकाऱ्यांना अशी कुत्री मांस खाताच चिडखोर होऊन, अडखळत चालून, अखेर बेशुद्ध पडताना आढळली. झडती चुकवून गेलेला माल थेट मेंदूपर्यंत पोहोचत होता.

न्यूयॉर्कच्या व्हिपल यांनी 1945 च्या सुमारास ही शस्त्रक्रिया माणसांत रूढ केली. रक्तस्राव थांबला, परंतु नंतरच्या चाचण्यांत सूत्रणाच्या रोग्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. तेव्हा 1967 मध्ये डीन वॉरन यांनी केवळ पाणथरीची नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेस जोडून आतड्यांचे रक्त यकृताकडेच राहू दिले. आणि 1988 मध्ये फ्रायबुर्ग येथे मानेच्या शिरेतून आत जाऊन, पोट न फाडता, यकृतातच आडवाट म्हणून धातूच्या जाळीची नळी बसविण्यात आली.

आपल्या देशात मात्र पोर्टल नीला बुजलेली, पण यकृत धडधाकट असलेले रोगी, विशेषतः मुले, पुष्कळ आढळतात; त्यांच्यात आडवाटेच्या शस्त्रक्रियेचे फळ सूत्रणाच्या रोग्यांपेक्षा पुष्कळच चांगले मिळते. म्हणून रक्ताच्या उलटीचा रोगी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे (गोमेकॉ) नेताना प्रत्येक वेळी सूत्रण गृहीत धरून दारूवर ठपका ठेवू नये. आणि मुलाला तशी उलटी किंवा डांबरासारखे काळे शौच झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे.